पट्टा आवळल्यावर

दवाखान्यात माझं खरं नाव कुणी घेत नाही. पेशंट मला 'आवळबाई' म्हणतात, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. बीपी मोजताना मी दंडावरचा पट्टा इतर सिस्टरांपेक्षा जास्त आवळते, त्यावरून हे नाव पडलं. समोर कुणीही असो, पैलवान असो की ऐंशीची आजी, मी आधी मनगटावर बोटं ठेवते. मग रबरी फुगा दाबत जाते. बोटांखालची नाडी लागेनाशी झाली की पारा अजून तीस वर चढवते, आणि मगच कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप टेकवून हळूहळू हवा सोडायला घेते.

"बाई, हात मोडायचा विचार आहे का?" लोक ओरडतात.

"मोडला तर प्लास्टर घालू. आता गप्प बसा, मला ऐकायचंय."

माझ्या नाकावर राग असतो हे मला ठाऊक आहे. पण या कामात गप्प बसण्याला किंमत आहे. पट्टा पूर्ण आवळलेला असतो तेव्हा हातात रक्त उतरत नाही, म्हणून स्टेथोस्कोपमध्ये काहीच ऐकू येत नाही. हवा सोडली की पारा उतरत जातो आणि एका आकड्याला पहिला ठोका पडतो. तो वरचा आकडा. मग ठोके येत राहतात आणि खाली कुठेतरी विरून जातात. तो खालचा आकडा. मोकळ्या हाताला कान लावलात तर हृदय तिकडे छातीत धडधडत असूनही इकडे कोपरात शुकशुकाट असतो. आवळल्यावरच आवाज येतो. आमचे डॉक्टर म्हणायचे, "माणसाचंच रक्त ते. थोडं दाबल्याशिवाय बोलायचं नाही."

मी पूर्वी अशी मोजत नव्हते. पूर्वी माझा हात विजेसारखा चालायचा. पट्टा गुंडाळला, पारा एकशे सत्तरवर नेला, हवा सोडली, आकडे कार्डावर लिहिले, पुढचा. मनगटाला बोट लावायचं असतं हे शिकवलं होतं, पण दारात चाळीस माणसं उभी असताना ते कोण करतं? एकशे सत्तर पुष्कळ झालं. त्याच्या वर ज्याचं जाईल तो काय चालत येईल थोडाच, असं मी नव्या सिस्टरांना सांगायचे. आणि माझा कान तिखट म्हणून डॉक्टरही बिनधास्त असायचे. मी सांगितलेला आकडा त्यांनी कधी पुन्हा मोजला नाही.

आता ताईचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मी तिच्या पाठीला कान लावून झोपायचे. तिच्या हृदयाची एक खोड होती. तीन ठोके नीट पडायचे आणि चौथा गाळायचा. धप, धप, धप, मग काही नाही, मग पुन्हा धप. पुढे डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि जन्मजात आहे, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले. मला तर ते अंगाईसारखं होतं. ती लग्न करून गेली तेव्हा मला कितीतरी दिवस झोप लागली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी ती दवाखान्यात आली. दुपार व्हायला आली होती, रांग संपली होती, मी टेबल आवरत होते. "डोकं जड झालंय गं सकाळपासून," ती म्हणाली. "उठलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बघ जरा."

ती बरीच वर्षं बीपीची गोळी घेत होती. मी तिचा हात टेबलावर घेतला, पट्टा गुंडाळला, पारा एकशे सत्तरवर नेला. शांत होतं. हवा सोडली. एकशे अठ्ठेचाळीसला पहिला ठोका पडला, शहाण्णवला आवाज गेला. तिचं नेहमी तेवढंच असायचं.

"नेहमीचंच आहे," मी म्हटलं. "झोप झाली नसेल."

"डॉक्टरांना दाखवू का?"

डॉक्टर पडद्यामागे हात धूत होते. पाण्याचा आवाज येत होता. चार पावलांवर माणूस, आणि मी म्हटलं, "कशाला उगाच? त्यांचं जेवण राहायचं."

"तू बघितलंस ना, मग झालं," ताई म्हणाली आणि पदर सावरून उठली. तिला बरं वाटलं होतं. ते मला जास्त छळतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलमध्ये ती तीन दिवस होती, पण त्या तीन दिवसांत ती शुद्धीवर आली नाही. पहिल्या संध्याकाळी तिथली एक तरुण डॉक्टर तिचं बीपी मोजत होती. मोजता मोजता तिच्या भुवया वर गेल्या. माझ्या अंगावरचा पांढरा ड्रेस बघून मी त्यांच्यातलीच असं तिला वाटलं असावं. तिने कानातल्या नळ्या काढून माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाली, "सिस्टर, ऐकून ठेवा. असं रोज मिळत नाही."

मी ऐकलं. दोनशे अठ्ठावीसला पहिला ठोका पडला. ठोके येत राहिले, तीन आणि गाळलेला, तीन आणि गाळलेला. एकशे नव्वदला अचानक सगळं बंद झालं. पारा उतरत होता, एकशे ऐंशी, सत्तर, साठ, आणि कानात काही नाही. मग एकशे बावन्नला ठोके परत सुरू झाले.

"काही जणांचा आवाज असा मध्येच गायब होतो," ती डॉक्टर सांगत होती. "पट्टा कमी आवळला तर आपण त्या मधल्या शांततेतच सुरुवात करतो. खाली ठोका ऐकू आला की तोच वरचा आकडा वाटतो. आधी मनगटाची नाडी बघितली की फसगत होत नाही. तुम्ही यांच्या कोण?"

"बहीण," मी म्हटलं. तिने जीभ चावली आणि खांद्यावर हात ठेवला. ती माझं सांत्वन करत होती. मी एकशे सत्तर या आकड्याकडे बघत होते.

मंगळवारीही असंच होतं का? हे मला कधीच कळणार नाही. रक्तस्राव झाल्यावर बीपी तसंही वर चढतं. कदाचित मंगळवारी ते खरंच एकशे अठ्ठेचाळीस असेल. कदाचित दोनशे वीस असेल आणि मी शांततेच्या मधोमध कान लावून बसले असेन. मनगटाला दोन बोटं लावली असती तर कळलं असतं, पाच सेकंदांचं काम. पुढे एकदा मी डॉक्टरांना विचारलं, पण दुसऱ्याच गावच्या दुसऱ्याच सिस्टरचं नाव पुढे करून. ते म्हणाले, "अशी चूक कुणाचीही होते, त्या बाईला सांगा, मनाला लावून घेऊ नका." मी त्या बाईला सांगितलं. तिने ऐकलं नाही.

ताई गेल्यावर तीन आठवड्यांनी मी कामावर परत गेले. पहिला पेशंट पोस्टमन होता, काटकुळा माणूस, बीपी कधी एकशे वीसच्या वर गेलं नाही. मी आता शहाणी झाले होते. मनगटाची नाडी धरली, ती गेल्यावरही पारा चढवत राहिले, पार एकशे ऐंशीपर्यंत. स्टेथोस्कोप टेकवला. तिथे काही ऐकू यायला नको होतं. हात बंद होता, रक्त थांबलं होतं, बोटांखाली नाडी नव्हती.

ऐकू आलं. फार लांबून, भिंतीपलीकडे कुणी कणीक तिंबावी तसं. धप, धप, धप. मग काही नाही. मग धप.

मी नळ्या कानातून ओढून काढल्या. "काय झालं सिस्टर, मेलो का मी?" पोस्टमनने विचारलं आणि स्वतःच हसला. बोटांखाली नाडी परत आली तो आकडा, एकशे अठरा, मी त्याच्या कार्डावर लिहिला आणि आत जाऊन पाणी प्यायले.

मी भोळी बाई नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी पंचवीस वर्षं जुलाबाचं औषध देऊन घरी पाठवलंय. यंत्र बदललं. स्टेथोस्कोप नवा घेतला. कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी दोन्ही कान तपासले आणि म्हणाले की तुमच्या स्वतःच्या कानातल्या रक्तवाहिनीचा आवाज असेल, वयोमानाने होतं. मग मी घरी येऊन खुर्चीत बसले, स्वतःच्या गळ्याला बोट लावलं आणि मोजत राहिले. माझं हृदय घड्याळासारखं चालतं. एकही ठोका गाळत नाही.

तेव्हापासून ती येते. प्रत्येकाच्या हातात नाही, पण दहातल्या पाच-सहा जणांच्या. पट्टा आवळून पारा वर नेला की जी शांतता असते त्यात. पेशंटचे स्वतःचे ठोके सुरू झाले की तिचे बुडून जातात. अकरा वर्षं झाली, तरी मला भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर ज्या दिवशी ती येत नाही त्या दिवशी मी जास्त भिते.

असं मोजून मोजून मला तिघेजण सापडले, ज्यांचा आवाज मध्येच गायब होत होता. तिघांनाही वेळेवर औषध मिळालं. त्यातला एक ट्रकड्रायव्हर अजून रस्त्यात भेटला की गाडी थांबवून हात जोडतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

आता भावोजींचं. ताईचा नवरा. जन्मभर पत्र्याच्या कारखान्यात काम केलेला माणूस. तिथे दिवसभर घण आणि कातर्‍या यांचा असा गोंगाट की चाळिशीतच कान गेले. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही भांडणासारखं, आणि ऐकणं म्हणजे समोरच्याच्या ओठांकडे बघून निम्मं अंदाजाने. ताईला दिवसभर ओरडावं लागायचं. शेजाऱ्यांना वाटायचं या दोघांचं पटत नाही. पटायचं हो, दोघांचं छान पटायचं.

पण त्या बुधवारी सकाळी ताई त्यांना म्हणाली होती की डोकं फुटायला आलंय, दवाखान्यात चला. ते डबा घेऊन निघाले होते. म्हणाले, "काल तुझ्या बहिणीने मोजलं ना? ठीक आहे म्हणाली ना? मग रडगाणं लावू नकोस." आणि गेले. दुपारी कारखान्यात निरोप आला.

'रडगाणं' हा शब्द त्यांनी मला दिवस-कार्य उरकल्यावर सांगितला. पुढे दरवर्षी एकदा तरी सांगत. "शेवटचा शब्द कोणता बोललो मी? सांग, कोणता?" मी खाली मान घालून बसायचे. ते समजायचे की मला त्यांची दया येते. माझ्या जिभेवर एकशे सत्तर हा आकडा यायचा आणि मी चहाबरोबर गिळायचे. का गिळला, तेही सांगते. मला कुणी नाही. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्या आणि त्यात ते दोघं, भावोजी आणि भाची, एवढंच माझं माहेर, सासर, सगळं. ताईची मुलगी मला 'मावशी' म्हणून गळ्यात पडते. ती गळ्यात पडली की मला वाटायचं, उद्या सांगू. असे अकरा वर्षांचे उद्या गेले.

दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जायचे आणि भावोजींचं बीपी मोजायचे. गेल्या वर्षी ते चढायला लागलं. एकशे साठ, अठ्ठ्याहत्तर, शहाण्णव. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. मागच्या पावसाळ्याअखेर पारा दोनशे दहाला जाऊन बसला. मला काही उमगेना. मग भाचीचा फोन आला.

"मावशी, आईचा बटणांचा डबा उघडला मी आज. एक बटण हवं होतं." तिने फोनपाशी डबा खुळखुळवला. "तो गोळ्यांनी भरलाय गं. बाबांनी पाच महिन्यांत एकही घेतलेली नाही. मी विचारलं तर म्हणतात, तुझ्या आईला मी औषधापर्यंत जाऊ दिलं नाही, मला कशाला हवंय. तू ये. तुझं ऐकतात ते."

माझंच ऐकतात. ऐकलंत ना?

रविवारपर्यंत मी थांबले नाही. रजा टाकली आणि सकाळीच गेले. जिना चढताना प्रत्येक पायरीवर परत फिरावंसं वाटत होतं. दोनशे दहा म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी बोलले नाही तर हा माणूस ताईच्याच वाटेने जाणार होता, आणि बोलले तर ते दार मला बंद होणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी घंटा वाजवली.

भावोजी खिडकीपाशी बसले होते. मी यंत्र टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही. भाची चहा घेऊन दारात उभी राहिली. मी त्यांच्या समोर, माझे ओठ दिसतील अशी बसले.

"भावोजी, गोळ्या का घेत नाही?"

"मला काय धाड भरलीय," ते गरजले.

"ताईला तुम्ही मारलं नाही. तुम्ही म्हणालात ना, बहिणीने मोजलं, ठीक आहे म्हणाली. बहिणीने नीट मोजलं नव्हतं."

आणि मग सगळं सांगितलं. एकशे सत्तर. मनगटाला न लावलेलं बोट. पडद्यामागचे डॉक्टर आणि त्यांचं जेवण. हॉस्पिटलातले दोनशे अठ्ठावीस आणि मधली ती शांतता. भाचीने दारातच चहाचा कप जमिनीवर ठेवला आणि ती आतल्या खोलीत गेली. तिने दार आपटलं नाही, नुसतं लोटून घेतलं.

भावोजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले, अजून काही शब्द येतील म्हणून. मग म्हणाले, "अकरा वर्षं?"

"हो."

"दर रविवारी इथे बसून चहा प्यायलीस."

"हो."

मला वाटलं आता ते हाताला धरून बाहेर काढतील. त्यांनी तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी मान हलवली. "तुझी चूक तुझ्यापाशी, सिस्टरबाई. मी जे बोललो ते माझ्यापाशी. तू तुझं सांगितलंस म्हणून माझं पुसलं जात नाही. ती तोंडाने म्हणाली होती, चला. मी नाही गेलो." त्यांनी बटणांचा डबा माझ्याकडे सरकवला. "हे घेऊन जा. दवाखान्यात कुणाला दे."

एवढं बोलून काही उपयोग झाला नव्हता. भाची गेली होती, माहेर गेलं होतं, आणि हा माणूस अजून मरायलाच बसला होता. मला रडू फुटलं. आणि एकदा तोंड उघडलं की सगळंच बाहेर येतं. ज्याचा अकरा वर्षांत मी कुणापाशी उच्चार केला नव्हता ते बोलून गेले. "ती मला सोडत नाही हो भावोजी. अजून ऐकू येते."

"कोण?"

"ताई. पट्टा आवळला की. हात बंद झाला की तिचे ठोके येतात."

मला वेड लागलंय असं ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. ते उठले. बाही खांद्यापर्यंत वर केली, हात टेबलावर टाकला आणि म्हणाले, "लाव."

"काय?"

"यंत्र लाव. नळ्या मला दे."

मी त्यांच्या कानात नळ्या घातल्या, त्यांनी उलट्या घातल्या होत्या त्या फिरवून. मनगट धरलं. दोनशे दहाला नाडी गेली. दोनशे साठपर्यंत पारा चढवला, त्याच्या वर मी कुणालाच नेत नाही. हवा सोडायला लागले. ते डोळे घट्ट मिटून बसले होते. कपाळावर शीर उभी राहिली होती. पारा दोनशे वीसला आला तशी मला भीती वाटली आणि मी सगळी हवा एकदम सोडून दिली.

"नाही," ते म्हणाले. "पुन्हा."

दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी नको म्हटलं, हात काळानिळा झाला होता. तेव्हा तो डोंगराएवढा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. "चूक केलीस तू, आणि येते तुझ्याकडे. माझ्याकडे अकरा वर्षांत स्वप्नातसुद्धा आली नाही. एकदा यायचं होतं. शिव्या द्यायला तरी यायचं होतं."

तुमचे कानच कामातून गेलेत, त्याला ती काय करणार, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. मी त्यांचा खांदा हलवला आणि ते बघतील अशी समोर वाकले.

"तुम्हाला ऐकू कशी येणार?" मी माझ्या नेहमीच्या, पेशंटवर ओरडायच्या आवाजात म्हटलं. "हा पारा बघा. मी दोनशे साठपर्यंत नेते. तुमचे ठोके दोनशे दहाला सुरू होतात. मध्ये राहिले किती? पन्नास. पारा सेकंदाला दोन उतरतो, या हिशोबाने पंचवीस सेकंद. तेवढ्यात काय ऐकू येणार? ती लांबून येते. तुमचं प्रेशर एकशे चाळीसला आलं तर मिनिटभर शांतता मिळेल. तेव्हा बघा."

त्यांनी डोळे पुसले आणि पाऱ्याच्या नळीवरचे आकडे बघितले. जन्मभर पत्रा मापून कापलेला माणूस, आकड्यांवर त्यांचा भरवसा. ओठ हलवत त्यांनी वजाबाकी केली. वजाबाकी बरोबर होती. त्या घरातल्या माणसाला मी दुसऱ्यांदा एक आकडा पुढे करून गप्प केलं, आणि या वेळी मला माहीत होतं की मी काय करते आहे.

"किती दिवसांत येईल एकशे चाळीसला?"

"गोळ्या रोज घेतल्या तर दोन-तीन महिने."

त्यांनी डबा परत ओढला, बटणांतून एक गोळी वेचली आणि भाचीने जमिनीवर ठेवलेल्या गार चहाबरोबर घेतली. "रविवारी ये," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

त्याला चार महिने झाले. मी दर रविवारी जाते. भाची दार उघडते आणि बाजूला होते. बोलत नाही. मला चहाही मिळत नाही, आणि मिळू नये. एका रविवारी मी मफलर विसरून आले, तर पुढच्या वेळी तो दाराच्या खिळ्याला धुऊन लावलेला होता. त्याचा अर्थ मी लावत बसत नाही.

भावोजींचा पारा उतरत गेला. एकशे नव्वद, सत्तर, अठ्ठावन्न. दर वेळी आधी मी मोजते, मग नळ्या त्यांच्या कानात जातात, मग ते नकारार्थी मान हलवतात आणि विचारतात, "आता किती सेकंद झाले?" मी सांगते. ते पुढच्या रविवारपर्यंत गोळ्या घेतात. मला रात्री प्रश्न पडायचा की एकशे चाळीस आल्यावर काय सांगायचं. आणखी कुठला आकडा काढायचा?

गेल्या रविवारी एकशे चाळीस आलं. बरोबर एकशे चाळीस, खाली ब्याऐंशी. मी सांगितलं तेव्हा ते उठून तोंड धुऊन आले, शर्ट बदलला आणि येऊन बसले. भाची आतल्या दारात उभी होती, पहिल्यांदाच. मी मनगटावर बोटं ठेवली, पारा दोनशे साठला नेला आणि हवा सोडायला लागले, सेकंदाला दोन, वचन दिल्याप्रमाणे. त्यांचे डोळे मिटलेले होते. दोनशे तीस. दोनशे. एकशे सत्तर. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात ताईची विनवणी करत होते, एवढ्या एकदा, माझ्याकडे नको, त्यांच्याकडे जा.

एकशे चाळीसला माझ्या बोटांखाली त्यांची नाडी परत आली. एकशे तीस. एकशे वीस. आता त्यांच्या कानात त्यांचेच ठोके दणदणत असायला हवे होते, बहिऱ्यालाही जाणवतील असे. ते तसेच बसले होते, मान थोडी कलती करून, अगदी शांततेत कान देऊन बसावं तसे. तेव्हा मला कळलं की त्यांना काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही. पहिल्या दिवसापासून आलेलं नाही.

एकशे दहाला त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. चार महिन्यांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"आली होती," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांच्या मानाने फारच हळू होता. "मी विचारलं तिला. तुझ्यावर रागावलेली नाही म्हणाली."

मी मान डोलावली आणि पट्ट्यातली उरलेली हवा सोडून दिली.